मातांगी घराचा वाटा

तिनिएलू आमच्या गावाचे मासे वाटायचा. होड्या समुद्रातून परत आल्या की सगळे मासे सभाघरापुढच्या पांढऱ्या खडीवर ओतले जायचे आणि मग त्यात कुणी तोंड घालायचं नाही. तिनिएलू देईल तो वाटा. ज्याने मासा पकडला त्याला जास्त नाही, जो अंथरुणाला खिळलाय त्याला कमी नाही. याला आम्ही इनाती म्हणतो. आमचं बेट एवढं अरुंद आहे की एका बाजूच्या लाटेचा आवाज दुसऱ्या बाजूला झोपलेल्याला ऐकू येतो. इथे एका घरात मासा शिजला आणि शेजारच्या घरात शिजला नाही, तर ते लपून राहत नाही.

अंगाने तो रुंद, मान आखूड, पाय जरासे फेंगडे. वाटणीला बसला की ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. ढिगांभोवती एक फेरी मारायचा, पुन्हा एक मारायचा, मग एखाद्या ढिगातून बोटाएवढा मासा उचलून दुसऱ्यात टाकायचा आणि तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. हा स्वभाव लहानपणापासूनचा. पत्ते पिसून वाटायला त्याच्याकडे दिले की बाकीचे म्हणायचे, "याचं होईपर्यंत आंघोळ करून येतो." लग्नात तो शेवटच्या पंगतीला बसायचा, कारण कुणाचं पान रिकामं आहे ते बघत फिरण्यात त्याची भूक मरून जायची. म्हाताऱ्यांनी त्याला त्याच्या काकांच्या मागे वाटणीची सुरी दिली ती हे पाहूनच दिली असावी.

गावातलं प्रत्येक घर त्याला तोंडपाठ होतं. घराला आमच्याकडे नाव असतं, आणि इनातीला माणसाचं नाही, घराचं नाव पुकारतात. कुणाकडे बाळ जन्मलं की त्याच दिवसापासून त्या घराचा वाटा वाढायचा. बाळाला दात नसले म्हणून काय झालं. कुणी जहाजाने आपिआ शहरातल्या इस्पितळात गेलं की त्या घरातून तेवढा मासा कमी व्हायचा, आणि ते माणूस परत आलं की पुन्हा वाढायचा. स्वतःच्या घराचा वाटा तो सगळ्यात शेवटी, उरलेल्यातून काढायचा. लोक थट्टा करायचे, "तिनिएलूच्या घरी मांजर टिकत नाही. उपाशी मरतं."

बायको लुईहा जरा तिखट जिभेची. ती म्हणायची, "लोकांच्या घरातली तान्ही पोरं तुला पाठ. आपल्या घरातलं मीठ कधी संपलं, सांग बरं?"

तो हसायचा. "मिठाची इनाती नसते गं."

असा माणूस चुकला. चुकला तोही सख्ख्यासारख्या बहिणीच्या बाबतीत.

अकेनेहे ही त्याच्या थोरल्या काकांची मुलगी. आमच्याकडे चुलत आणि सख्खं असं वेगळं धरत नाहीत. बहीण ती बहीण. बहिणीपुढे भावाने आवाज चढवायचा नाही, तिच्या घरात काही कमी पडू द्यायचं नाही, आणि ती बसलेली असेल तिथून उभ्याने ओलांडून जायचं नाही. अकेनेहे वयानेही मोठी. नवरा गेल्यावर तिच्या मुलाने, तावितेने, तिला न्यूझीलंडला नेलं होतं. वेलिंग्टनजवळ तो बस चालवायचा आणि त्याची बायको रात्रपाळीला जायची, म्हणून लेकरं सांभाळायला आजी हवी होती. लेकरं मोठी होईपर्यंत ती तिथे राहिली. इकडे तिचं घर, मातांगी, बंदच होतं. लुईहा अधूनमधून झाडून घ्यायची आणि पागोळीच्या टाकीतली पानं काढायची.

मग एके दिवशी तावितेचा फोन आला. धर्मोपदेशकाच्या घरी आला, तिथेच नीट ऐकू येतं. "आई येतेय पुढच्या जहाजाने. तिची नीट काळजी घ्या," एवढंच तो म्हणाला आणि फोन कट झाला.

नीट काळजी घ्या. हे शब्द गावभर फिरले आणि फिरता फिरता त्यांना पाहुणचाराचा वास लागला. न्यूझीलंडहून माणसं येतात ती तशीच येतात. जहाज दोन बेटं फिरून परत येईपर्यंत राहतात, गाव बघतात, रडतात, फोटो काढतात आणि जातात. अकेनेहे त्याच जहाजाने परत जाणार की पुढच्या, एवढाच प्रश्न लोकांच्या मनात होता. तो तिला कुणी विचारला नाही. आलेल्या माणसाला "कधी निघणार?" असं आमच्याकडे विचारत नाहीत, हाकलल्यासारखं दिसतं. आणि तिने सांगितलं नाही, कारण आपल्या घरी राहायला आलेलं माणूस "मी राहायला आलेय" असं कशाला सांगत बसेल?

जहाज सकाळी खडकांच्या बाहेर येऊन थांबलं. त्याला आत येता येत नाही. माणसं आणि सामान सपाट होडीत घालून खडकांमधल्या खाचेतून आत आणावं लागतं. अकेनेहे पत्र्याच्या पेटीवर बसून आली. अंगात जांभळा झगा, डोक्याला पांढरी टोपी, पायांत पांढरे बूट. बायकांनी गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. तिने त्या घालून घेतल्या, पण तिची नजर सारखी माळांच्या वरून घराकडे जात होती.

तिनिएलूने पेटी स्वतः खांद्यावर घेतली. मातांगी घरापर्यंत तो तिच्या मागून चालला.

"प्रवास बरा झाला ना, ताई?"

"कसला बरा! आपिआ सुटल्यापासून ओकतेय. पोटात आता फक्त प्रार्थना शिल्लक आहेत."

"आज कुपा माशाच्या मागे होड्या गेल्यात. बघ काय मिळतं ते."

"मिळेल. मिळालं की ये पुकारायला," असं ती म्हणाली. हे मी शेजारच्या माझ्या अंगणातून ऐकलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

होड्या भरून आल्या. चांगले मांडीएवढे कुपे होते. त्यातला एक तर दोघांनी धरून आणावा लागला. तिनिएलूचा चेहरा खुलला. पाहुण्यांना द्यायचा सगळ्यात मानाचा तुकडा, म्हणजे डोकं आणि पोटाखालचं चरबीदार मांस, तो इनातीच्या आधी बाजूला काढतो. पाहुण्याचा वाटा नसतो. पाहुणा यजमानाच्या ताटात जेवतो. वरून मानाचं मिळतं. तिनिएलूने त्या मोठ्या कुप्याचं डोकं कापून विलायती फणसाच्या पानावर ठेवलं, दुसऱ्या पानाने झाकलं आणि कामाला लागला.

लोक जमले. नेहमीप्रमाणे बहुतेक घरांनी मुलांना पाठवलं होतं. अकेनेहे मात्र स्वतः आली. तिने बूट काढले होते. झगा काढून जुनं फुलाफुलाचं कापड कमरेला गुंडाळलं होतं आणि हातात नारळाच्या ओल्या झावळीची ताजी विणलेली परडी होती. पाहुणी कधी परडी घेऊन येते का? आम्ही सगळ्यांनी ती परडी पाहिली, आणि कुणालाही काही कळलं नाही. बायकांमधली फुआतिनो म्हणालीदेखील, "बघा, हात अजून विसरले नाहीत विणायचं!"

तिनिएलू पुकारू लागला. खाचेच्या टोकापासून सुरुवात करून तो या टोकाला येतो. लालो. तेआवा. हाकावा. हाकावानंतर मातांगी. पण एवढी वर्षं मातांगी बंद, त्यामुळे त्याच्या जिभेला हाकावानंतर थेट पाऊ म्हणायची सवय झाली होती. तो "पाऊ" म्हणाला.

अकेनेहेने एक पाऊल पुढे टाकलं होतं. ते तिने मागे घेतलं.

सगळी घरं झाली. मग तिनिएलू उठला, हात धुतले आणि ते पान दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे गेला. त्याने शब्दही सुंदर जुळवले होते. सभेत बोलायला घाबरणारा माणूस, पण बहिणीसाठी त्याने सकाळपासून मनात घोकलं असावं.

"दूर देशाहून आमच्याकडे आलेल्या पाहुण्या अकेनेहे ताई, आमच्या लहानशा गावाने तुमच्यासाठी हा मानाचा घास राखून ठेवलाय. जोवर आहात तोवर आमच्या ताटात जेवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकेनेहेने ते पान घेतलं. परडी तिने उलटी करून वर झाकली. "आपण फार मान केलात," ती म्हणाली. भावाला 'आपण' म्हणाली. मग हसली आणि चालू लागली. तिनिएलूला ते 'आपण'सुद्धा मानाचंच वाटलं. तो खूश होऊन घरी आला आणि लुईहाने नारळाच्या दुधात केलेलं कालवण जेवला.

जेवण पुरतं खाली उतरलं नसेल, तोच सपाट होडी चालवणारा हेतो दारात आला.

"काका, ती मातांगीची म्हातारी पेटी जहाजावर परत न्यायला सांगतेय. मी म्हटलं, अहो सकाळीच तर आणली. ती म्हणते, पाहुण्यांनी लवकर जावं, गावाला त्रास होतो. संध्याकाळी जहाज निघतंय. मी नेली पेटी. न्यायला नको होती का?"

तिनिएलूने दाराबाहेर मातांगीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजारी आहे का?"

लुईहाच्या हातातली वाटी खाली आली. तिला आधी कळलं.

"अरे देवा. तिनिएलू, ती परडी घेऊन आली होती."

"हो. मग?"

"मग? परडी कशात घालायला आणली होती, डोक्यात? वाटा घ्यायला आली होती ती! राहायला आलीय बाई, मरेपर्यंत राहायला. आणि तू तिला सगळ्या गावापुढे पाहुणी म्हणालास. वर जोवर आहात तोवर जेवा म्हणालास!"

हेतो उंबऱ्यावर उभा होता, तो हळूच मागे सरकून निघून गेला. तिनिएलूने तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. लुईहा सांगते की त्याचे कान इतके लाल झाले होते की तिला वाटलं, याला ऊन लागलं. "मी मातांगी पुकारलंच नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तिच्या तोंडावर पाऊ म्हणालो."

तो मातांगीवर गेला. मी तेव्हा माझ्या ओट्यावर बसलो होतो. दोन अंगणांमध्ये फक्त केवड्याची रांग आहे. अकेनेहे चटईवर बसली होती. पुन्हा जांभळा झगा घातला होता, बूटही घातले होते. मानाचा तुकडा पानासकट शेजारी तसाच होता. हात लावलेला नव्हता.

तिनिएलू दारातच मांडी घालून बसला. वर पाहिना.

"या," अकेनेहे म्हणाली. "बसा. पाहुण्याच्या घरी काही द्यायला नाही, माफ करा."

"ताई, असं नको बोलूस."

"कसं बोलू? तुम्हीच सांगा. मला इथली रीत आता नीट माहीत नाही."

"माझं चुकलं."

"तुमचं कसं चुकेल? तुम्ही मान केलात. गावाने टाळ्या वाजवल्या. मी तिकडे लेकाच्या घरी पाहुणीच होते हो. कपाट उघडताना विचारायचं, पंखा लावताना विचारायचं, नातू मित्रांना घेऊन आला की खोलीत जाऊन बसायचं. लेक चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण पाहुणीच. म्हटलं आता गावाला जाऊ, तिथे कुणी मला काही द्यायच्या आधी आभार मानावे लागणार नाहीत."  तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली. "तर इथेही आभार मानावे लागले."

तिनिएलू दारातून जरा पुढे सरकला. "माझ्या घरचा वाटा आणतो. आत्ता आणतो. अर्धा तुझा."

"तो तुझ्या घरचा. तो मला दिलास तर ती तुझी दया झाली." ती पहिल्यांदा 'तू' म्हणाली, पण त्यात माया नव्हती. "मी दया खायला जहाजात ओकत आले नाही. जा आता. हेतो परत आला की मी निघेन."

तो उठला. घरी गेला नाही. वडीलधाऱ्यांमधले सगळ्यात मोठे पेलेनातो सभाघरात भिंतीला टेकून पेंगत होते, त्यांच्यापुढे जाऊन बसला.

"आजची इनाती चुकली. एक घर राहिलं."

पेलेनातोंनी एक डोळा उघडला. "कुठलं?"

"मातांगी."

दुसरा डोळा उघडला.  त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. "मग आता काय करतोस?"

"सगळा मासा परत आणून पुन्हा वाटतो."

"परत? अरे, लोक जेवले."

"जेवढा राहिला असेल तेवढा. एक घर वगळून केलेली इनाती ही इनातीच नाही, तुम्हीच सांगता. मग गावाने आज नुसताच मासा खाल्ला, वाटा खाल्ला नाही."

"आणि आणणार कोण? तरण्या पोरांना सांगू?"

"नाही. मी जातो. मी चुकलोय."

पेलेनातो भिंत सोडून ताठ बसले. "लाज वाटेल तुला."

"वाटतेय," तिनिएलू म्हणाला.

मग त्याने ते केलं. ढकलगाडीत मोठं घमेलं ठेवून तो खाचेच्या टोकापासून एकेका दारात उभा राहिला. वाटणारा माणूस दिलेला मासा परत मागतोय, हे आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक दारात त्याला तेच बोलावं लागलं, आणि प्रत्येक दारात तो ते पूर्ण बोलला, अर्धवट नाही: "आज मी मातांगी घर पुकारलं नाही. अकेनेहे ताई राहायला आलीय. मी तिला पाहुणी म्हणालो. वाटा परत द्या, पुन्हा वाटायचाय."

लालोमधल्या सुनेने तोंडाला पदर लावावा तसं कापड लावलं आणि हसू दाबलं. तेआवाचा जाडा इओहेफो म्हणाला, "काका, माझ्या पोटातला परत हवा असेल तर थोडं थांबावं लागेल!" सगळं घर हसलं. तिनिएलू हसला नाही, रागावलाही नाही. खाली मान घालून उभा राहिला, तेव्हा इओहेफोचं हसू आपोआप विझलं. त्याने आत जाऊन पातेलंच आणून घमेल्यात उपडं केलं, रश्श्यासकट. हाकावामध्ये एका कुप्याच्या शेपटीवर दातांचे व्रण होते. "हे कुत्र्याचे की मुलाचे?" त्याने विचारलं. "मुलाचे," आई लाजून म्हणाली. "चालेल," तो म्हणाला. पाऊ घराच्या आजीने मात्र त्याला सुनावलं. "बहिणीला पाहुणी म्हणतोस? तुझी आई असती तर सुपाने झोडलं असतं तुला." तो म्हणाला, "हो आजी." आणि तिच्यासमोर थोडा जास्त वेळ उभा राहिला, जणू अजून काही ऐकायचं राहिलंय.

माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "तिनिएलू, आत ये, पाणी पी." तो म्हणाला, "मास्तर, आधी वाटा." त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. इतक्या वर्षांत तो कधी माझ्याशी खाली बघून बोलला नव्हता.

सभाघरापुढे जमलेला मासा बघण्यासारखा होता. काही कच्चा, काही तळलेला, काही नारळाच्या दुधातला, काही निखाऱ्यावर भाजलेला. पेलेनातोंनी स्वतःच्या घरचा अर्धा तुकडा पानावर आणून ठेवला. "अर्धा खाल्ला मी. धरून टाक तसं." माशा घोंघावत होत्या. डुकरांना हाकलायला मुलं काठ्या घेऊन उभी होती. जहाजावरून किनाऱ्यावर उतरलेले खलाशी होडीला टेकून बघत होते. त्यांना वाटलं असेल, हे लोक मासा शिजवून मग वाटतात.

तिनिएलू बसला. शिजलेलं एकीकडे, कच्चं एकीकडे. ज्यांनी जास्त खाल्लं त्यांचा आता कमी. ओठ हलायला लागले. ढीग लागले. मातांगीचा ढीग हाकावा आणि पाऊच्या मध्ये लागला. फेऱ्या झाल्या. तो पुकारू लागला. लालो. तेआवा. हाकावा.

"मातांगी."

कुणी पुढे आलं नाही.

इनातीला शेवटचं घर येईपर्यंत कुणी आपला ढीग उचलत नाही. त्यामुळे सगळं गाव तिथेच थांबलं. तिनिएलूने पाऊ पुकारलं नाही. त्याने पुन्हा "मातांगी" म्हटलं. मग पुन्हा. जहाजाचा भोंगा वाजला. हेतो होडीची दोरी हातात धरून उभा होता. त्यालाही कळत नव्हतं, सोडावी की बांधावी.

"ताईला जाऊन सांगू का?" कुणीतरी पुटपुटलं.

"नाही," तिनिएलू म्हणाला. "घर पुकारलं की घराने यायचं. तिला ऐकू येतंय." आणि तो तसाच ढिगामागे उकिडवा बसून राहिला. मान छातीला लागली होती. मी त्याला ओळखतो. तो माणूस त्या क्षणी उठून समुद्रात चालत गेला असता तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. पण तो उठला नाही. मधूनमधून तेवढंच म्हणत होता, "मातांगी." आवाज बसत चालला होता.

फुआतिनो रडायला लागली. तिलाही आपलं परडीबद्दलचं बोलणं आठवलं असेल.

मग केवड्याच्या बाजूने अकेनेहे आली. अनवाणी. एका हातात ती परडी, दुसऱ्या हातात मानाचं पान. थेट तिनिएलूपुढे येऊन तिने ते डोकं आणि पोटाखालचं मांस इतर माशांशेजारी खडीवर ठेवलं.

"हे राहिलं," ती म्हणाली. "हे गावाचं आहे. हेही धर, आणि वाट."

गावातून एक कण्हणं निघालं. म्हणजे सगळे ढीग पुन्हा मोडायचे! इओहेफो हळूच म्हणाला, "आता रात्रीचं जेवणही यातच होणार." पण तिनिएलू एक शब्द न बोलता सगळे ढीग मोडून बसला. डोक्याचे तुकडे केले, चरबीचे केले, सगळीकडे थोडं थोडं टाकलं. पुन्हा फेऱ्या. पुन्हा पुकारा. लालो, तेआवा, हाकावा.

"मातांगी."

"आहे," अकेनेहे म्हणाली.

तिने खाली वाकून आपला ढीग पाहिला. एक कच्चा तुकडा, एक तळलेला, भाजलेल्यातला लहानसा, आणि चरबीचा एक बोटभर तुकडा. तिने तो कच्चा तुकडा उचलून हातावर तोलला.

"हा किती जणांचा?"

"तुझा, ताई."

"मी एकटी आहे. एकटीला एवढा?"

तिनिएलूने सुरी कापडाला पुसली.

"तिनिएलू, मी विचारलं."

त्याने तो तुकडा तिच्या हातातून घेतला. सुरीने टोकाचा भाग कापला आणि इओहेफोच्या मोठ्या घराच्या ढिगात टाकला. उरलेला तिच्या परडीत ठेवला.  तिने परडीत पाहिलं, मान हलवली आणि बाजूला होऊन इतर घरांसोबत उभी राहिली, शेवटचं घर पुकारलं जाईपर्यंत. आभार मानले नाहीत. हेतोने होडी सोडली. होडी जहाजावरून फक्त पेटी परत आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिनिएलू वडीलधाऱ्यांच्या सभेत गेला आणि सुरी चटईवर ठेवली. "दुसऱ्याला द्या," म्हणाला. "माझ्या तोंडून घर सुटलं. आता लोकांना माझ्या हाताचा भरवसा वाटणार नाही." कारणं त्याने अजून पुष्कळ दिली, ती सगळी खरं तर एकच होती. त्याला त्या खडीवर पुन्हा बसायचं नव्हतं.

म्हाताऱ्यांना काय करावं कळेना. शेवटी पेलेनातो म्हणाले, "ज्या घरावर अन्याय झाला त्या घराला विचारू." अकेनेहे बायकांमध्ये बसून झावळीची पानं साफ करत होती. तिला बोलावलं. तिनिएलू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"सुरी दुसऱ्याला द्यायची म्हणतोय हा. तुझं काय म्हणणं?"

तिने विचार केला. हातातलं पान दोनदा दुमडलं. "नाही," ती म्हणाली. "याच्याचकडे ठेवा. सुरी टाकून घरी बसला की सुटला हा. मी एवढ्या लांबून आले ती याच्या तोंडून माझं घर ऐकायला. दर इनातीला म्हणू दे."

लुईहा मागून म्हणाली, "बरोबर आहे!" आणि सगळे हसले. तिनिएलू हसला नाही. त्याने सुरी उचलली.

त्यानंतर बरीच वर्षं तोच वाटत राहिला. अकेनेहेला म्हातारपणी चालवेना, तरी तिने कधी दुसऱ्या कुणाला परडी देऊन पाठवलं नाही. स्वतः येऊन उभी राहायची. हाकावा म्हणून झालं की तिनिएलू थांबायचा. मान खाली जायची, कान लाल व्हायचे, आणि आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी खाली येऊन "मातांगी" असं निघायचं. मग तो ढिगाकडे बघत वाट पाहायचा. ती "आहे" म्हणाल्याशिवाय त्याने पाऊ कधी पुकारलं नाही, आणि ती कधी कधी मुद्दाम जरा उशिरा म्हणायची.